चव्वेचाळीस मिनिटं, चव्वेचाळीस सेकंद

पुण्यात जपानी शिकत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या बाई अधूनमधून एखादं गाणं ऐकवायच्या आणि शब्द उतरवून घ्यायला लावायच्या. एकदा त्यांनी उतरवायला काहीच सांगितलं नाही. सीडीबरोबरची पुस्तिका पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, वाचा. आम्हाला वाचता येईना. अक्षरं ओळखीची होती, पण शब्द भलतेच दिसत होते. जपाननं १९४६ मध्ये लेखनपद्धती सोपी केली आणि उच्चारात न उरलेली जुनी वळणं काढून टाकली. ही पुस्तिका मुद्दाम त्याआधीच्या वळणानं छापली होती. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी 'कांहीं', 'नाहीं', 'तूं' यांच्या डोक्यावरचे अनुस्वार गेले. आज एखाद्या तरुण गायिकेनं आपली गाणी त्या अनुस्वारांसकट छापून आणली, तर वाचणारा जसा क्षणभर थबकेल तसे आम्ही थबकलो होतो.

ती पुस्तिका जपानी गायिका-गीतकार शीना रिंगो यांच्या तिसऱ्या अल्बमची होती. हा अल्बम २३ फेब्रुवारी २००३ रोजी बाजारात आला, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. त्याचं नाव 'कारुकी झामेन कुरि नो हाना', म्हणजे ब्लीचिंगची पूड, वीर्य आणि चेस्टनटचा मोहोर. तिन्हींचा वास सारखा असतो म्हणतात. असं नाव कुठल्याही कंपनीच्या विक्री विभागानं आपणहून सुचवलं नसतं.

अल्बममध्ये अकरा गाणी आहेत. पहिल्या आणि शेवटच्या गाण्याचं नाव प्रत्येकी दोन चिनी अक्षरांचं आहे. दुसऱ्याचं आणि दहाव्याचं नाव काताकाना लिपीत आहे, चौथ्याचं आणि आठव्याचं हिरागानात. मधोमध सहावं गाणं एकटं उभं आहे, त्याचं नाव एकाच अक्षराचं: 'कुकी', म्हणजे देठ. त्या देठाच्या दोन्ही बाजूंना नावांची पानं समोरासमोर फुटलेली. सुरुवात 'धर्म' या अर्थाच्या शब्दानं होते आणि शेवट 'अंत्ययात्रा' या अर्थाच्या. सगळ्याची लांबी मोजली तर बरोबर ४४ मिनिटं ४४ सेकंद भरते. जपानीत चार या आकड्याचा एक उच्चार 'मृत्यू' या शब्दासारखाच आहे, त्यामुळे हा आकडा ऐकणाऱ्याच्या अंगावर हलकासा काटा आणतो. आत कोतो या जपानी तंतुवाद्याच्या तारा आहेत, पाश्चात्त्य वाद्यवृंद आहे, यंत्रातून निघालेले खरखरीत आवाज आहेत, आणि एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं ते कळू नये अशी जोडणी आहे.

ही सजावट नव्हे. सेकंदासेकंदाचा हिशेब लागण्यासाठी कुठलं गाणं कुठे थांबेल, किती वेळ शांतता राहील, हे सगळं एकाच माणसाच्या हातात असावं लागतं. एका गाण्याची लांबी रेडिओसाठी अर्ध्या मिनिटानं कापा असं कुणी म्हटलं असतं, तर सगळा आराखडा कोसळला असता. ते कुणी म्हटलं नाही, किंवा म्हटलं असलं तरी ते चाललं नाही. मला या अल्बमबद्दल लिहावंसं वाटतं ते एवढ्यासाठीच. कलाकाराच्या हातात शेवटचा निर्णय असला की काय घडू शकतं, ते इथे मोजून दाखवता येतं.

पण हा निर्णय त्यांच्या हातात आला कसा?

शीना रिंगो यांचा जन्म १९७८ चा, वाढल्या मुख्यतः फुकुओकात. रिंगो हे त्यांनी घेतलेलं नाव, त्याचा अर्थ सफरचंद. १९९८ मध्ये तोशिबा ईएमआय या कंपनीकडून त्यांचं पहिलं गाणं आलं. पहिला अल्बम १९९९ मध्ये आला आणि त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या. दुसरा ३१ मार्च २००० ला आला, तो वीस लाखांच्या पुढे गेला. शब्द आणि चाली त्यांच्याच होत्या, पण संगीत संयोजनाची धुरा कामेदा सेइजी यांच्याकडे होती. ते बास गिटार वाजवणारे, वयानं आणि अनुभवानं मोठे. त्यानंतर शीना काही काळ आई म्हणून घरी थांबल्या, २००२ मध्ये इतरांच्या गाण्यांचा एक दुहेरी संच केला, आणि मग हा तिसरा अल्बम. या वेळी निर्मितीची सूत्रं त्यांनी स्वतःकडे घेतली आणि सोबतीला ध्वनिमुद्रक इनोउए उनी यांना घेतलं.

म्हणजे स्वातंत्र्य मिळालं ते तीसेक लाख प्रती खपवल्यानंतर. माझा आक्षेप इथेच आहे. संगीताच्या धंद्यात, आणि जपानमध्ये फार स्पष्टपणे, निर्मितीचं स्वातंत्र्य हे बक्षीस म्हणून दिलं जातं. आधी आमच्या पद्धतीनं विकून दाखव, मग तुझ्या पद्धतीनं कर. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण याचा अर्थ असा होतो की ज्या वयात माणसाकडे सांगण्यासारखं सगळ्यात नवं काही असतं, त्याच वयात त्याला सगळ्यात कमी ऐकलं जातं. वीस लाखांच्या टप्प्यापर्यंत पोहोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करार संपून घरी जातात, आणि त्यांच्या डोक्यात कुठला आराखडा होता ते कुणालाच कळत नाही.

याच कंपनीचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट जास्त ठळक होते. १९६७ मध्ये क्योतोतल्या काही विद्यार्थ्यांनी, द फोक क्रुसेडर्स असं नाव घेऊन, स्वतःच्या खिशातून पैसे घालून एक एलपी काढली. प्रती तीनशे. त्यातलं एक गाणं रेडिओवर वाजलं आणि देशभर पसरलं. टेप वेगानं फिरवून आवाज चिरका केलेला, आणि गोष्ट दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या, मरून स्वर्गात गेलेल्या माणसाची. कुठलाही व्यावसायिक निर्माता याला हात लावायला धजला नसता. तोशिबानं ते घेतलं आणि त्याच्या लाखो प्रती गेल्या. पुढचं गाणं उत्तर कोरियातून दक्षिण कोरियात वाहत जाणाऱ्या इम्जिन नदीवरचं होतं. ते फेब्रुवारी १९६८ मध्ये बाजारात येण्याच्या बेतात होतं. मूळ गाणं उत्तर कोरियातलं, त्याच्या श्रेयावरून वाद उठला, प्रकरण राजकीय होतंय असं दिसताच कंपनीनं ते मागे घेतलं. ते अधिकृतपणे सीडीवर यायला २००२ उजाडलं. चौतीस वर्षं.

वीस वर्षांनी पुन्हा तेच. इमावानो कियोशिरो हे आरसी सक्सेशन या बँडचे गायक. चेर्नोबिलची दुर्घटना होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी पाश्चात्त्य रॉकमधली गाजलेली गाणी घेतली आणि त्यांवर स्वतःचे जपानी शब्द चढवले. काही गाण्यांत अणुऊर्जेला सरळ विरोध होता. अल्बमचं नाव 'कव्हर्स'. तो ६ ऑगस्ट १९८८ ला, म्हणजे हिरोशिमाच्या दिवशी, यायचा होता. तोशिबा ईएमआयमधलं तोशिबा म्हणजे अणुभट्ट्या बांधणारी तोशिबा. जूनमध्ये कंपनीनं वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिचा मजकूर जपानी संगीतप्रेमींना आजही पाठ आहे: अल्बम इतका अप्रतिम आहे की तो आम्ही विकू शकत नाही.

मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्यावरून पुढे गेले नाही. नकाराचं खरं कारण त्यात नाही. अल्बम वाईट आहे असंही त्यात म्हटलेलं नाही. त्यात एवढंच आहे की ही वस्तू आमची आहे, आणि आमची असल्यामुळे ती कुणी ऐकायची की नाही हे आम्ही ठरवणार. शेवटी किट्टी रेकॉर्ड्स या दुसऱ्या कंपनीनं १५ ऑगस्टला तो काढला आणि तो विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. म्हणून सगळं ठीक झालं, असं म्हणता येत नाही. कियोशिरो तेव्हा प्रसिद्धीच्या शिखरावर होते, म्हणून दुसरं दार उघडलं. त्यांच्या जागी पहिल्याच अल्बमवर काम करणारा कुणी विशीतला मुलगा असता, तर त्या टेपा कपाटात पडून राहिल्या असत्या. फुकुशिमाची दुर्घटना झाली मार्च २०११ मध्ये. तोवर कियोशिरो यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्यांची ती गाणी तेव्हा पुन्हा वाजू लागली. ज्या शब्दांना १९८८ मध्ये अडवलं गेलं, त्यांची गरज तेवीस वर्षांनीही संपली नव्हती.

आता दुसरी बाजू. ती मी हलक्यात काढणार नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. स्टुडिओचं भाडं, वादकांचं मानधन, जाहिरात, वितरण, हा सगळा पैसा कंपनी घालते. दहांतले बहुतेक अल्बम बुडीत जातात आणि त्यांचा खर्च एकदोन यशस्वी अल्बममधून निघतो. पैसा घालणाऱ्याला बोलायचा अधिकार नसावा का? शिवाय बंधनांतूनही चांगलं संगीत निघतं. शीना यांचे पहिले दोन अल्बम कामेदांच्या हाताशिवाय जसे आहेत तसे झालेच नसते. मला व्यक्तिशः दुसरा अल्बम तिसऱ्याहून जास्त वेळा ऐकावासा वाटतो, हे कबूल करते.

पण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. सल्ला देणारा सहकारी आणि सही करणारा मालक ही एकच व्यक्ती नाही. कामेदा सांगतील ते पटलं नाही तर शीना वाद घालू शकत होत्या, दोघंही गाण्याच्याच बाजूनं बोलत होती. आणि पुढे काय झालं ते पाहा. तिसऱ्या अल्बमनंतर शीना यांनी स्वतःची मैफल थांबवून तोक्यो जिहेन हा बँड उभा केला, आणि त्यात बास वाजवायला कोण होतं? कामेदा सेइजी. ज्यांच्याशिवाय करून पाहायचं होतं, करून पाहिलं, त्यांनाच त्यांनी परत बोलावलं. या वेळी बँडमधला एक म्हणून, स्वतः निवडून. निर्मितीचं स्वातंत्र्य म्हणजे एकटेपणा असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. स्वातंत्र्य असलेला माणूस मदत नाकारत नाही. कुणाची मदत घ्यायची ते तो ठरवतो.

मग स्वतःचीच कंपनी काढावी का? जपानमध्ये तोही प्रयोग झाला आहे, तोही फार लवकर. १९७५ मध्ये कोमुरो हितोशी, योशिदा ताकुरो, इनोउए योसुई आणि इझुमिया शिगेरु या चार गायक-गीतकारांनी मिळून फॉर लाइफ रेकॉर्ड्स सुरू केली. हे चौघं काही किरकोळ नव्हते. इनोउए यांचा डिसेंबर १९७३ मधला एलपी जपानमध्ये दहा लाखांचा टप्पा गाठणारा पहिला एलपी मानला जातो. कलाकारांनी कंपन्यांच्या पुढे हात पसरू नये, स्वतःच मालक व्हावं, या विचारानं तेव्हाची तरुण पिढी भारावून गेली. पण कंपनी म्हटली की ताळेबंद आला, न खपलेल्या मालाची परतफेड आली, कर्मचाऱ्यांचे पगार आले. १९७७ मध्ये योशिदा ताकुरो अध्यक्ष झाले. जपानी लोकगीत चळवळीतला सगळ्यात लोकप्रिय गायक ऐन तिशीत कंपनीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत. स्वातंत्र्यासाठी गायकानं हिशेबनीस व्हावं, ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही. काहींना ते जमेल, जमो. पण ज्याला फक्त गाणं करायचं आहे त्यालाही आपल्या गाण्यावर अधिकार हवा, आणि तो मिळण्यासाठी त्यानं दुकान उघडण्याची अट नको.

इथे पुन्हा त्या ४४ मिनिटं ४४ सेकंदांकडे येते, कारण त्या अल्बमचीच एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

२००२ पासून जपानमधल्या कंपन्यांनी नक्कल-रोधक तबकड्या काढायला सुरुवात केली होती. संगणकावर सीडीची नक्कल होऊ नये म्हणून तबकडीवरच्या माहितीत मुद्दाम दोष पेरायचे. संगणक गोंधळतो, साधं यंत्र चुका दुरुस्त करत करत गाणं वाजवतं. म्हणजे ते बहुतेक वेळा वाजवतं. काही यंत्रांवर या तबकड्या अडकायच्या, आणि दुरुस्तीच्या या ओढाताणीत आवाजाचा दर्जा घसरतो, अशी कित्येक संगीतकारांची तक्रार होती. सीडीच्या ठरलेल्या मानकात ही तबकडी बसत नव्हती, त्यामुळे तिच्यावर सीडीचं अधिकृत चिन्हही लावता यायचं नाही. शीना रिंगो यांचा तिसरा अल्बम याच तबकडीवर आला.

ज्या कलाकाराला प्रत्येक सेकंद, प्रत्येक अक्षर, प्रत्येक गाण्याच्या नावाची लिपी ठरवायची मुभा होती, तिचा आवाज शेवटी मुद्दाम दोष पेरलेल्या वस्तूवरून लोकांच्या घरी गेला. त्या वर्षांत कंपन्या हा निर्णय सरसकट घेत होत्या, एकेका अल्बमचा विचार करून नव्हे. हे स्वातंत्र्य स्टुडिओच्या उंबरठ्यापर्यंतचं होतं. बाहेर पडलं की टेप कंपनीची.

जपानी भाषेत यासाठी 'गेनबान-केन' असा शब्द आहे. मूळ ध्वनिमुद्रणावरचा हक्क. ज्यानं मुद्रणाचा खर्च केला त्याचा तो हक्क, आणि सहसा तो रेकॉर्ड कंपनी, व्यवस्थापन संस्था, संगीत प्रकाशक यांच्यात वाटला जातो. २०१८ च्या अखेरीस जपाननं या हक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेली. गायकाच्या वाट्याला येतं ते किमतीच्या टक्क्यांत, आणि जपानी संगीतव्यवसायाबद्दल जिथे तिथे सांगितला जाणारा आकडा १ ते ३ टक्क्यांचा आहे. गीतकार-संगीतकाराचा हिशेब वेगळा. तिथे सीडीच्या करपूर्व किमतीच्या ६ टक्के रक्कम हक्क-संस्थेमार्फत येते आणि प्रकाशकाशी वाटून घेतली जाते. म्हणूनच स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्याला नुसत्या गायकापेक्षा थोडा जास्त आधार असतो. पण शब्द आणि चाल त्याची असली तरी मुद्रण त्याचं नसतं. ते गाणं जाहिरातीला द्यायचं का, कुठल्या संकलनात घालायचं, कुठल्या तबकडीवर छापायचं, पुन्हा काढायचं की कपाटात ठेवायचं, हे सगळं मुद्रणाचा मालक ठरवतो.

आता काळ बदलला, असं सांगितलं जातं. २००७ मध्ये सप्पोरोच्या एका कंपनीनं हात्सुने मिकू हे गाणारं सॉफ्टवेअर काढलं आणि मुलं आपापल्या खोल्यांत बसून गाणी करू लागली. त्यांतलाच एक, तोकुशिमाचा योनेझु केन्शी. दुसऱ्या नावानं आधी इंटरनेटवर गाजला, आणि २०१२ मध्ये स्वतःच्या नावानं, स्वतःच्या आवाजात पहिला अल्बम एका छोट्या स्वतंत्र लेबलवर काढला. वाद्यं, संयोजन, मिश्रण, चित्रं, जवळजवळ सगळं त्याचंच. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. शीना यांना जे स्वातंत्र्य तिसऱ्या अल्बमला मिळालं ते त्यानं पहिल्याच अल्बमला घेतलं, कारण ते द्यायला-नाकारायला कुणी नव्हतंच. पुढच्याच वर्षी तो आपणहून मोठ्या कंपनीकडे गेला, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. तो गेला तेव्हा त्याच्या हातात दाखवायला काहीतरी होतं.

पण खोलीत गाणं करता येणं म्हणजे प्रश्न सुटणं नव्हे. करणं स्वस्त झालं, लोकांपर्यंत पोहोचणं महाग झालं. टीव्ही, चित्रपटाचं शीर्षकगीत, मोठं सभागृह यांच्या किल्ल्या अजून जुन्याच हातांत आहेत. जपानमध्ये तर नावावरचा हक्कही वादाचा विषय आहे. २०१६ मध्ये नोनेन रेना या अभिनेत्रीनं व्यवस्थापन संस्थेशी वाद झाल्यानंतर 'नोन' या नावानं काम सुरू केलं. नोनेन रेना हे काही टोपणनाव नव्हतं, ते तिचं जन्मनाव. पुढच्या वर्षी तिनं स्वतःचं संगीत लेबल काढलं. जपानच्या न्याय्य व्यापार आयोगानं २०२४ च्या डिसेंबरमध्ये कलाकार आणि व्यवस्थापन संस्था यांच्यातल्या करारांचा पाहणी अहवाल काढला. संस्था सोडल्यावर काम अडवणं, नाव वापरू न देणं, करार तोंडीच ठेवणं, हे सगळं त्यात आलं. सरकारी यंत्रणेनं यात लक्ष घातलं हे चांगलं झालं. पण आयोग स्पर्धेच्या नजरेनं पाहतो. गाण्याचं काय, हे विचारणं त्याचं काम नाही.

मला जे हवं आहे ते फार मोठं नाही. कलाकाराच्या पहिल्याच करारात, विक्रीचा एकही आकडा यायच्या आधी, लिहिलेलं असावं की अल्बममध्ये काय जाईल आणि कुठल्या रूपात जाईल यावर शेवटची सही त्याची. कंपनीनं आपला खर्च वसूल करावा, नफाही करावा, त्यासाठी ठरावीक वर्षं मुद्रण तिच्याकडे राहो, पण ती वर्षं संपली की ते करणाऱ्याकडे परत यावं. सत्तर वर्षं हा कुठल्याही गायकाच्या कारकिर्दीपेक्षा मोठा काळ आहे. आणि कंपनीला एखादा अल्बम काढायचा नसेल, तर तिनं तो अडकवून न ठेवता ठरलेल्या मुदतीत सोडून द्यावा. १९८८ मध्ये ते घडलं ते एका माणसाच्या नावाच्या वजनामुळे. ते कलमामुळे घडायला हवं.

कंपन्या म्हणतील, अशानं नवोदितांवर पैसा कोण लावेल. मला वाटतं लावतील. तीनशे प्रतींच्या एलपीतून लाखोंचं गाणं निघालं ते याच धंद्यात, आणि ते ओळखून उचलणारी माणसंही कंपनीतच बसलेली होती. चांगला कान असलेला माणूस सही कुणाची यावर अडून बसत नाही.

आम्हा ऐकणाऱ्यांकडेही बोट दाखवायला हवं. तिसरा अल्बम आला तेव्हा तो विक्रीच्या यादीत वर गेला, पण एकूण खप दुसऱ्याच्या जवळपासही पोहोचला नाही. गिटारचा गोंगाट आणि शीना यांच्या १९९९ मधल्या व्हिडिओतली काच फोडणाऱ्या परिचारिकेची ती प्रतिमा मनात धरून आलेल्यांना कोतो आणि जुन्या वळणाची अक्षरं पचली नाहीत. कंपनीचा दबाव कागदावर दिसतो. आपला दबाव दिसत नाही, तो पुढच्या विक्रीच्या आकड्यात लपून बसतो. कलाकार बदलला की आपण त्याला सोडून जातो, आणि कंपनी तेवढंच दाखवून त्याला म्हणते, बघ.

काही वर्षांनी तो अल्बम साध्या सीडीवर पुन्हा निघाला, दोष न पेरता. गाणी तीच, क्रम तोच, मधोमध तोच एकाक्षरी देठ. आमच्या बाई आता शिकवत नाहीत, पण त्यांनी ती जुनी पुस्तिका मला दिली आहे. दुसऱ्या गाण्यातले दोन शब्द मला अजूनही वाचता येत नाहीत. शब्दकोश घेऊन बसते, आणि गाणं पहिल्यापासून लावते.